अळीभाऊंची रेघ

अळीभाऊ घरात शिरले की माणसांकडे बघायचेच नाहीत. आई "या, बसा" म्हणेपर्यंत त्यांचं डोकं पाण्याच्या पिंपात. टॉर्च मारून पुटपुटायचे, "आहेस का रे बाळा?" डासाची अळी सापडली की चेहरा असा खुलायचा, जणू लेकीला चांगलं स्थळ सांगून आलंय! अळ्या शोधणं ही त्यांची पालिकेतली नोकरी. खरं नाव ते दारावर खडूने सही करून लिहायचे, पण ती सही कोणाच्या बापाला वाचता आली नाही.

शीळफाट्याजवळची आमची बैठी चाळ दोन पालिकांच्या हद्दीवर होती. हद्द आमच्या घरातूनच गेलेली. पुढची खोली अळीभाऊंच्या पालिकेची, स्वयंपाकघर आणि मोरी पलीकडच्या पालिकेची. मागच्या नाल्यात कचरा दोन्हीकडचा, सफाई कोणाचीच नाही. पलीकडचा तपासनीस दारावरूनच परत जायचा. "तुमचं दार तिकडे, तुम्ही त्यांचे." मोरीतलं पिंप बेवारस.

अळीभाऊंनी तोड काढली. मधल्या उंबऱ्यावर खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "वहिनी, रेघेपलीकडचं मला दिसत नाही. पिंप अलीकडे ओढा, मग दिसेल." झालं! दर गुरुवारी आम्ही तिघं भरलेलं पिंप ओढायचो आणि अर्धं पाणी घरभर सांडायचो.

"रिकामं करून ओढलं तर चालेल का हो?" बाबांनी एकदा वैतागून विचारलं.

"मग मी तपासू काय, तुमचं तोंड?"

मी आठवीत असताना मला सणकून ताप भरला. चाळीत घरटी कोणी ना कोणी आजारी होतं, पण हद्दीतला रुग्ण कागदावर आल्याशिवाय धुराची गाडी येणार नव्हती. अळीभाऊ माझ्या बोटाला टोचून रक्त घ्यायला आले. फॉर्मवर 'रुग्ण झोपतो ती जागा' असा रकाना होता. माझा पलंग स्वयंपाकघरात. ते रेघेकडे बघत राहिले. मग खडू खिशात टाकला.

"भाऊसाहेब, पलंगाचे पाय धरा," ते बाबांना म्हणाले.

"अहो, पोरगी तापाने फणफणलीय!" आई रडायलाच लागली.

"म्हणून तर! उतरवू नका, तिच्यासकट आणा."

अशी माझी वरात निघाली. पलंग उंबऱ्यावर आपटला, मी कण्हले, आणि अळीभाऊंनी समाधानाने रकाना भरला. रक्तात मलेरिया निघाला. दुसऱ्या दिवशी गाडी आली. गाडीबरोबरचे साहेब म्हणाले, "नाला आपल्यात येत नाही." अळीभाऊ म्हणाले, "साहेब, डासांना तसं कळवलेलं नाही." नाल्यावरही फवारणी झाली. पुढे रोज येऊन ते मला समोर गोळी गिळायला लावायचे आणि त्याच टॉर्चने माझं तोंड तपासायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

निवृत्त होऊन ते गावी गेले. गेल्या वर्षी तिकडेच वारले. आई दिवसभर जेवली नाही.

आता एक मुलगी मोबाइल घेऊन सर्व्हेला येते. परवा ती, तेव्हापासून अलीकडेच राहिलेल्या त्या पलंगाला ठेचकाळली. "मावशी, दारातच काय पलंग? आत जागा आहे की!"

"आहे गं," आई म्हणाली, "पण तो नाही हलवायचा. माझी पोरगी त्याच्यावरनं अलीकडे आलीय."