आजी कोणत्या चुन्याखाली?

आमच्या गल्लीत वावडी उठली, की पाटीवाली बापाच्या गावी जमिनीचा वाटा मागायला गेली. पिशवीत कागद होते म्हणे! कागद होते खरे, पण ते पॉलिश पेपर. सोबत जुना रंग खरवडायचा एक पत्रा आणि दोन ब्रश. शेजारधर्म म्हणून आम्ही डोकावलो होतो.

दुकानांच्या पाट्या रंगवणारी ही बाई परगावी एका शाळेचा फलक करायला निघाली होती आणि ते गाव वाटेत लागत होतं, एवढंच. खाटेला खिळलेले वडील म्हणाले होते, "आईचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. निदान कबरीवरच्या नावाचा तरी आण. पण लवकर, आताशा मला सगळं धूसर दिसतं."

जाता जाता उरकेल, असं तिला वाटलं. बिचारीला गावातले काका आणि आत्या कुठे ठाऊक होते?

दफनभूमीत कुंपणालगतची रांग चुन्यानं नुसती लखलखत होती. दोघं भावंडं दरवर्षी चुना मारायची, आणि मारताना हात आखडायची नाहीत. अक्षरं केव्हाच बुजली होती. दगड बाळसं धरल्यासारखे गुबगुबीत झाले होते.

"ही तुझी आजी," काका म्हणाले.

"ती नव्हे, ही!" आत्या उसळली. "मी दरवर्षी हिच्यापुढेच रडते."

"रडायला तुला दगड कशाला लागतो?"

आजी गेली तेव्हा काका रांगत होते आणि आत्या पाळण्यात होती; पण दोघं भांडत अशी होती, जणू कबरीची मापं यांनीच घेतली! पाटीवालीनं वैतागून वडिलांना फोन लावला. कानांनीही अधू झालेले वडील तिकडून ओरडले, "जेवलीस का?"

शेवटी तिनं पदर खोचला आणि पत्र्यानं चुना खरवडायला घेतला. तोंडात, नाकात, केसांत चुना. काकांच्या दगडाखालून निघाला नुसताच दगड. त्यावर कधी काही कोरलंच नव्हतं. आत्याच्या दगडाखालून निघाला कुणी हवालदार, हुद्द्यासकट.

"तरीच!" आत्या कपाळावर हात मारत म्हणाली. "तिथं उभं राहिलं की कुणीतरी दरडावतंय असं वाटायचं."

तेवढ्यात रस्त्यावरून बस गेली. पाटीवालीचीच. ती चरफडत रांगेमागच्या गवतात शिरली आणि एका बुटक्या दगडावर मटकन बसली. टेकलेल्या हाताला अक्षरं लागली. खोल, सुबक, कडा शाबूत. उठून गवत बाजूला केलं, तर आजीचं नाव! इकडे कधी कुणी फिरकलंच नव्हतं, म्हणून चुनाही लागला नव्हता. तिनं रुमालानं माती पुसली आणि फोन काढून फोटो घेतला.

"आई गं, तू उघडीच राहिलीस!" काका धावत आले. हातात चुन्याची बादली, कुंचला भिजवून तयार. मागून आत्याचा हुकूम: "जाड हात दे रे, इतक्या वर्षांचं राहिलंय!"

पाटीवाली पुन्हा त्या दगडावर बसली, पाय पसरून, हलणार नाही अशी.

"काका, बादली खाली ठेवा. तुम्ही विसरलात म्हणून तर तिचं नाव राहिलं. आणखी थोडी वर्षं विसरा."