हलका हात

दुपारचे चार वाजले की शेवंताकाकी आपला पेला पालथा घालायची. त्यानंतर कुणाच्या घरी गेली तरी ती चहा घ्यायची नाही, हळदीकुंकवाचं दूधही नाही. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायची, "माका नको गो. पिऊक एक मिनिट, भोगूक अख्खी रात."

परळच्या आमच्या चाळीत ती शेजारच्या खोलीत राहायची. नोकरी बालवाडीत सेविकेची. मलाही तिनेच कडेवर घेऊन शाळेत नेलं होतं. सत्तरी ओलांडल्यावर रात्री पाच-पाच वेळा लघवीला उठायची वेळ आली, तेव्हा आधी ती स्वतःच हसली होती. "दुसऱ्यांच्या पोरांक शू करूक नेता नेता जन्म गेलो, आता माझीच पाळी."

संडास गॅलरीच्या टोकाला होते. तिचा मुलगा म्हणायचा, "आई, नव्या बिल्डिंगमध्ये गेलो की सुटशील." चाळ पाडून तिथेच नवी इमारत उभी राहिली, आणि काकीला आमच्या खालच्या मजल्यावर घर मिळालं. संडास पलंगापासून सहा पावलांवर आला. काकी तरीही पाचच वेळा उठत राहिली. ती खचली ती तेव्हा. आता वाट बघायला काही उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी साखर, लघवी सगळं तपासलं आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, ती भलतंच बोलायला लागायची. त्या बंद केल्या. मी तोवर फिजिओथेरपिस्ट झाले होते. एका अनुभवी बाईंकडून मी एक साधा उपाय ऐकला होता. मऊ रबरी दातांचा छोटा रोलर झोपण्यापूर्वी मांड्यांच्या मधल्या, बैठकीजवळच्या त्वचेवर मिनिटभर अगदी हलकेच फिरवायचा. दाबायचं नाही, चोळायचं नाही. त्या स्पर्शाने काहीजणींच्या मूत्राशयाची घाई शांत होते, काहीजणींना काहीच फरक पडत नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "करून बघा, नुकसान नाही."

काकीला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून बसली. मग बोटं पुढे केली. संधिवाताने ती वाकडी झाली होती, त्यांना रोलर धरवत नव्हता. सून वैशाली दिवसभर दुकानात उभी राहून नऊला घरी यायची. तिने मला स्वयंपाकघरात नेऊन स्पष्टच सांगितलं, "ताई, मी त्यांना आंघोळ घालीन, बेडपॅन देईन, पण हे मला नाही जमणार. खोटं कशाला बोलू?"

म्हणून मी जाऊ लागले. रोज संध्याकाळी आठला. पहिल्या दिवशी काकीने डोळे गच्च मिटून घेतले होते. चौथ्या-पाचव्या दिवशी भिंतीकडे बघत म्हणाली, "इतक्या हलक्या हातान माका कोणी कधी हातच लावूक नाय गो." मी रोलर फिरवत राहिले.

तीन आठवड्यांनी तिने मला जिन्यातच गाठलं. "आज तीनच येळा उठलंय! एक सपान अर्ध्यार तुटला नाय."

त्याच महिन्यात मला माटुंग्याच्या क्लिनिकमध्ये नोकरी लागली. दुपारी दोन ते रात्री नऊ. मी वैशालीला सगळं नीट शिकवलं आणि तिने मन घट्ट करून दोनदा केलंही. तिसऱ्या दिवशी काकीनेच नको म्हटलं. "तिचा तोंड बघलंय मी. कित्याक छळू तिका?"

मी म्हटलं, "मी रविवारी येईन." चार रविवार गेले. मग दोन चुकले. मग मी घरी असूनही खाली उतरले नाही. नऊच्या पुढे पाय दुखायचे, हे खरं आहे, पण रविवारी सुट्टी होती, हेही खरं आहे.

काकीने आता सकाळी अकरालाच पाणी तोडलं. मे महिन्यात ती मोरीत चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलमध्ये सलाईन लावलं, लघवीला नळी घातली. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेला आराम होता. "आता उठूचाच लागणा नाय," ती म्हणाली. "ही नळी घराक नेऊक देतीत?"

नवव्या दिवशी ताप चढला. नळीतून झालेला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. बाराव्या दिवशी काकी गेली.

दिवसकार्य झाल्यावर वैशाली आमच्या दारात आली. आत आली नाही. चौकटीला धरून म्हणाली, "ताई, ते मी रोज केलं असतं, तर त्या पाणी प्यायल्या असत्या ना?"

मी म्हटलं, "नाही गं. वयच झालं होतं."

तिने मान हलवली आणि ती जिना उतरून गेली. मी रोज गेले असते तर, हे तिने विचारलं नाही. तिला ते सुचलं नव्हतं असं मला वाटत नाही.