शेवटचं गाणं निघायच्या दिवशी

शैला गेली हे मला लिफ्टमध्ये कळलं. बाजारातून परतत होते, ट्रॉलीत पालक आणि दुधी होता, आणि निखिलचा, म्हणजे तिच्या मुलाचा, फोन आला. ‘मावशी, आई...’ एवढं ऐकू आलं आणि दार बंद होऊन रेंज गेली. सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट एरवी भर्रकन वर जाते, पण त्या सकाळी ती मजल्यामजल्यावर थांबत राहिली. कोणी सायकल घेऊन आत आलं, कोणी कुत्रा. मी कोपऱ्यात दाबली गेले होते आणि हातातल्या फोनकडे बघत होते. पुढचं वाक्य काय असणार हे मला आधीच कळलं होतं. नंतर निखिलनं सांगितलं, नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवून ती इमारतीखालच्या बाकावर टेकली आणि तिथेच गेली. शेजारी बसलेल्या चिनी आजोबांना वाटलं, बाईंचा डोळा लागलाय.

या गोष्टीला आता दीडेक महिना होऊन गेला. शैलाबद्दल कोणी काही लिहावं अशी ती कोणी मोठी बाई नव्हती. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढली, तिथेच लग्न झालं, तिथेच नवरा गेला. मी पुण्यात जन्मभर गणित शिकवलं. आमची गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. पण आम्हां दोघींना नातवंडं सांभाळायला सिंगापूरला आणलं गेलं, तिला तिच्या मुलानं आणि मला माझ्या मुलीनं, आणि समोरासमोरच्या इमारतींत ठेवलं. ‘आणलं’ आणि ‘ठेवलं’ हे शब्द माझ्या मुलीला, मृणालला, आवडत नाहीत. ती म्हणते, ‘आई, तू काय सामान आहेस का?’ पण ज्याचा इथे राहायचा पास दुसऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असतो आणि ज्याचं तिकीट दुसऱ्याच्या सुट्टीवर, त्यानं स्वतःला दुसरं काय म्हणायचं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

पहिल्यांदा ती मला दिसली तीच मुळी नाचताना. इथल्या कम्युनिटी क्लबात आज्ज्यांचा लाइन डान्स चालतो. जोडीदार लागत नाही, सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, तीच ती पावलं टाकायची, वळायचं, पुन्हा तीच. गाणी बहुतेक अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची, गिटारवाली. मृणालनं मला गुडघ्यांसाठी म्हणून बळेच पाठवलं होतं आणि मी भिंतीला टेकून सगळ्यांना मनातल्या मनात नावं ठेवत होते. तेवढ्यात पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घातलेली एक ठेंगणी बाई दिसली. पावलं चुकत होती, पण तोंडानं गाणं अक्षरन् अक्षर म्हणत होती. शिकवणाऱ्या रोझी आंटींनी गाणं थांबवून तिला विचारलं, ‘हाउ कम यू नो धिस वन, आह?’ तिनं नुसतं ‘रेल्वे’ असं उत्तर दिलं. आंटींना काय कळलं देव जाणे.

मला ते नंतर कळलं. कॉलनीत तिच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे, हॅरीकाका. ड्यूटीवरून आले की आंघोळ करून ओट्यावर बसायचे आणि रेकॉर्ड लावायचे. एकाच गायिकेच्या. शैलाला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, पण गाणी पाठ झाली. पुढे इंग्रजी समजायला लागल्यावर तिला कळलं की ही बाई तर घरचंच गातेय... दारू पिऊन येणारा नवरा, चुलीपाशी गेलेला दिवस, माहेरची वाट. ‘अगं मालती, आपल्या जात्यावरच्या ओव्याच त्या, फक्त गिटार लावलेल्या,’ असं ती म्हणायची. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तेवढं पटलं.

रोझी आंटींना त्यांच्या मुलानं टॅम्पिनीसला आपल्याकडे नेलं तेव्हा त्यांनी घरातलं सामान क्लबात वाटून टाकलं. शैलाच्या वाट्याला एक जुना सीडी प्लेअर आणि त्याच गायिकेच्या गाजलेल्या गाण्यांची एक सीडी आली. मुखपृष्ठावर डोक्यावर केसांचा डोंगर उभा केलेली, झालरीचा झगा घातलेली गोरी बाई. शैलानं ती सीडी दोन्ही हातांत धरली आणि तिथल्या तिथे रडायला लागली. घरी निखिलनं तिला समजावलं की ही सगळी गाणी फोनवर फुकट मिळतात, हे खोकं कशाला? तिनं ऐकलं नाही. तिचं बरोबर होतं. त्या घरात तिचं म्हणावं असं ते एकच खोकं होतं.

त्या सीडीच्या बाबतीत तिचा एक नेम होता. शेवटचं गाणं ती लावायची नाही. त्याच्या आधीचं संपत आलं की तिचा अंगठा बटणावर जायचा आणि टक् करून सगळं बंद. मी एकदा चिडून विचारलं की हा काय प्रकार. तर म्हणाली, ‘ते मी सोडलंय.’ तिच्या आईनं काशीला जाऊन मेथी सोडली होती, तसं हिनं गाणं सोडलं होतं. भुसावळला आपल्या घरी कायमचं राहायला जायचं ठरेल, त्या निघायच्या दिवशी ते ऐकायचं, तोपर्यंत नाही. मी म्हटलं, अमेरिकेतल्या बाईच्या गाण्यावर कसला नवस बोलतेस, कुठला देव पावणार आहे याला? त्यावर म्हणाली, ‘सोडायचं ते आवडीचंच सोडावं लागतं. कारलं सोडून देव पावला असता तर सगळ्या जगानं कारलं सोडलं असतं.’ ते गाणं हॅरीकाकांचं सर्वांत लाडकं होतं. एक बाई संध्याकाळी एका लहानशा स्टेशनवर उतरते आणि सामान हातात घेऊन चालत घरी जाते, एवढंच त्यात आहे म्हणे. मी काही ते कधी ऐकलं नाही.

आता कोणाला वाटेल, निखिल वाईट मुलगा असेल. तसं असतं तर फार बरं झालं असतं. वाईट मुलाशी भांडता येतं. निखिल आईचे पाय चेपून देणारा मुलगा होता, आणि सून ऋचा तर तिला विचारल्याशिवाय पडदे बदलायची नाही. जायचं नाही असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. ‘डिसेंबरमध्ये जाऊ या, आई,’ असंच म्हणायचे. डिसेंबरमध्ये मुलांना मोठी सुट्टी असते आणि तिकडे भुसावळला थंडी पडून भरिताची वांगी आलेली असतात, म्हणजे सगळ्यांच्या सोयीचा महिना. मग एका डिसेंबरात निखिलची नोकरी बदलली आणि पास नवीन होईपर्यंत हलता येईना. एका डिसेंबरात ऋचाला दिवस गेले होते. दोन डिसेंबर महामारीनं खाल्ले. एकदा तर बॅग भरून दाराशी आली आणि धाकट्या नातीला गोवर निघाला. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं. शैलानं ती बॅग कधी उपसली नाही. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये काँक्रीटची, लोखंडी दाराची, बिनखिडकीची एक खोली असते. बॉम्ब शेल्टर म्हणतात. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक त्यात अडगळ ठेवतात. शैलाची भरलेली बॅग तिथे फळीखाली होती.

दुपारी मुलं शाळेत असली की आम्ही दोघी एलआरटीत बसायचो. ही पुंगोलची लहान गाडी गोल फिरते. बसलं की सगळ्या इमारतींमधून हिंडवून पुन्हा त्याच स्टेशनवर आणून सोडते. शैला खिडकीशी बसून गुणगुणायची. रेल्वेत वाढलेल्या बाईला या गाडीचा फार राग. ‘गाडी म्हणजे कुठेतरी जायला हवी गं,’ ती म्हणायची. ‘ही काय, घाण्याचा बैल.’ मी हसायचे. एकदा मात्र आमचं स्टेशन आलं तरी ती उठेना. मी हाताला धरलं तर म्हणाली, ‘मालती, मी इथेच संपणार बघ.’ मी तिला रागावले. भलतंसलतं बोलू नकोस, मी आहे ना, निखिलला सांगते, असं काहीबाही बोलले. त्याच संध्याकाळी निखिलला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, ‘मावशी, यंदा नक्की. डिसेंबरमध्ये.’

स्मशानातल्या हॉलमध्ये मोजका वेळ मिळतो. आपली माणसं, ऑफिसची माणसं, लाइन डान्सच्या आज्ज्या, सगळे खुर्च्यांवर बसले होते. निखिल प्लेअर घेऊन आला होता. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, ‘आईची आवडती गाणी लावतो, मावशी. वेळ कमी आहे, शेवटची तीन तेवढी होतील.’ मला काही बोलायचं सुचेपर्यंत पहिलं सुरू झालं होतं. टॅम्पिनीसहून व्हीलचेअरवर आलेल्या रोझी आंटींनी बसल्या बसल्या पावलांनी ठेका धरला. दुसरं सुरू झालं... हे संपलं की ते लागणार. आणि ही तर समोर पेटीत पडलेली, भुसावळ कुठे नि ही कुठे. हिला अजून कोणी कुठे नेलेलंच नव्हतं. गाण्याचं शेवटचं कडवं मला पाठ होतं. ते आलं तशी मी उठले, सगळ्यांच्या देखत पुढे गेले आणि अंगठ्यानं बटण दाबलं. टक्. मागे कुजबुज झाली. म्हातारीला दुःख सहन झालं नाही असं समजून ऋचानं मला पाणी दिलं.

बाहेर आल्यावर निखिलनं विचारलं आणि मी त्याला सांगितलं. ‘मला कधी बोलली नाही,’ म्हणाला. मी म्हटलं, तुला बोलली असती तर तुला वाईट वाटलं असतं, म्हणून नाही बोलली. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, ‘अस्थी तापीतच सोडायच्या, मावशी. सगळे मिळून नेऊ. डिसेंबरमध्ये.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले होते. अस्थी कुठे ठेवल्यास, विचारलं. आपल्यात अस्थी घरात आणत नाहीत, झाडाला वगैरे टांगतात. पण सतराव्या मजल्यावर झाड कुठून आणायचं? नाशिकच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं की काही झालं तरी घराच्या छपराखाली नको. निखिल इंजिनियर माणूस. त्यानं विचार केला आणि मला लोखंडी दार ओढून दाखवलं. बॉम्ब शेल्टर. ‘बांधकामाच्या हिशेबानं ही खोली घराचा भाग नाही, मावशी. हिच्या भिंती वेगळ्या, छप्पर वेगळं. गुरुजीपण चालेल म्हणाले.’ फळीवर तांबड्या फडक्यात बांधलेला कलश होता. खाली तिची बॅग होती. बाजूला मुलाची पायानं ढकलायची स्कूटर आणि टिश्यू पेपरचा गठ्ठा. तो रोज तिथे उदबत्ती लावत होता, वास भरून राहिला होता. इतक्या मायेनं केलेलं होतं सगळं.

मी म्हटलं, ‘निखिल, मला दे. मी नेते.’ तो चपापला. ‘तुम्ही एकट्या? आणि मृणालताई काय म्हणतील?’ मी म्हटलं, ते माझं मी बघते. विचार करतो म्हणाला. निघताना प्लेअर आणि सीडी मात्र माझ्या हातात दिली. ‘आमच्याकडे कोण ऐकणार... तुम्हीच ठेवा.’

मी त्याच रात्री जेवताना विषय काढला. भुसावळला जाऊन येते, तिथून पुढे पुण्यातच राहीन म्हणते, घर बंद पडलंय. मृणालनं भात वाढता वाढता माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, ते खोटं नव्हतं. माझ्या नातीची, अन्वीची, यंदा मोठी परीक्षा, आपल्या बोर्डासारखी; इथे ती सहावीलाच असते. ‘आई, अन्वीचं सहावीचं वर्ष आहे गं. परीक्षेच्या आधी तू गेलीस तर ती कोलमडेल. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. एवढी परीक्षा होऊन जाऊ दे. मग डिसेंबरमध्ये...’

मी वरण घेतलं. भांडायला माझ्याकडेही काही नव्हतं.

प्लेअर आता माझ्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर आहे. तिथून समोरच्या इमारतीतला शैलाचा मजला दिसतो, खालून एलआरटी फिरते. दुपारी घर रिकामं झालं की मी सीडी लावते. इतकी वर्षं ऐकून माझीही गाणी पाठ झाली आहेत. काल मृणाल लवकर आली आणि दारात उभी राहून ऐकत होती. शेवटून दुसरं संपलं, मी बटणावर अंगठा ठेवला. टक्.

‘आई, अजून एक राहिलंय ना?’

‘ते निघायच्या दिवशी लावायचं आहे.’

‘कोणाच्या?’

‘दोघींच्या,’ मी म्हटलं.