चाळीस दिवसांचा राम राम

अंगणात वाळणाऱ्या मोहफुलांचा वास आला की आमच्या चिचगडची ती सकाळ आठवते आणि आजही माझी मान अभिमानाने ताठ होते.

त्या वर्षी इस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळासाठी चर्चमध्ये कोणी मटण सोडलं, कोणी चहा. मी शेजारच्या शेवंताबाईशी धरलेला अबोला सोडायचं ठरवलं. बांधावरच्या मोहाच्या झाडावरून आमचं दोन वर्षांपासून वाजलं होतं. चहा सोडणं किती सोपं होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

रोज पहाटे फुलं वेचताना मी राम राम घालायची, ती पाठ फिरवायची. इस्टर तोंडावर आला तेव्हा एकदाची ती टोपली आपटून उभी राहिली.

"काऊन रोज राम राम करून राहिली वं?"

"उपास हाय माझा. इस्टरपर्यंत."

"आन् मंग? पुन्हा तोंड फिरवशीन?"

चर्चमधले मटण सोडलेले इस्टरला पुन्हा मटण खाणारच होते.

"नाही," मी म्हणाले, "हा उपास मी मोडतच नाही."

तिने ओंजळभर फुलं माझ्या टोपलीत टाकली आणि निघून गेली.

आज सकाळी मी दार उघडायच्या आतच कुंपणापलीकडून तिचा आवाज आला, "राम राम वं!"