पांढरा सदरा

कणसाच्या गाडीवरचा कोळशाचा वास आला की मला लोणावळ्याचं आमचं रेल्वेचं घर आठवतं. वडील घाट चढणाऱ्या इंजिनात कोळसा टाकायचे. घरी आले की अंगणातच थांबायचे आणि अंघोळ होईपर्यंत मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. पुढे घाटात विजेच्या तारा आल्या. कोळसेवाल्यांचं आता कसं होणार, म्हणून आईच्या घशाखाली घास उतरेना. वडील मात्र सुट्टीतही शेडमध्ये जाऊन नवं विजेचं इंजिन चालवायला शिकले. त्यावर पहिल्यांदा कामाला निघाले ते सणाचा पांढरा सदरा घालून. "डोकं फिरलंय का? त्याचं पोतेरं व्हईल!" आई ओरडली. संध्याकाळी तिनं नेहमीसारखा बंब पेटवला, वडीलही नेहमीसारखे अंगणातच थांबले. पाणी घेऊन बाहेर आलेली आई बघतच राहिली. सदरा सकाळी होता तसाच पांढरा. "घाट चढलात ना?" "व्हय. नुसता दांडा फिरवला." मग त्यांनी मला उचलून घेतलं, अंघोळीच्या आधी. बंबातलं पाणी तसंच निवून गेलं. आज गाडी घाट चढताना लोक दऱ्या बघतात. मी माझी बाही बघते, आणि ती दर वेळी स्वच्छ निघते.