शेवटच्या डब्यातले पक्षी

डहाणूत मी टिकलो तो केवळ आमच्या घरमालक काकांमुळे, आणि काका जिथे जातील तिथे बदकं टिकत नाहीत तीही काकांमुळेच. आधी त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी हसलं तरी जरा जपून हसेल. नववीतच शाळा सोडलेला मी नांदेडकडून इथल्या फुग्यांच्या कारखान्यात कामाला आलो, तेव्हा एकट्या पोराला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. त्यात माझा स्वभाव घाबरा. काम फुगे तपासायचं आणि फुगा फुटला की सगळ्यात आधी दचकणार मी, त्यामुळे कारखान्यातही माझं काही खरं नव्हतं. काकांनी माझी ट्रंक पाहिली, कुठून आलास म्हणून विचारलं, आणि काकींकडे वळून म्हणाले, "नांदेड. लांब पल्ल्याची गाडी आहे, आत घ्या." मागची खोली उघडली आणि तेव्हापासून माझं नाव नांदेड पडलं.

काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाले असं लोक म्हणतात, त्यांना स्वतःला तसं वाटत नाही. काकी बाजाराला निघाल्या की ते दारात हिरवा झेंडा घेऊन उभे राहतात, आणि तो हलल्याशिवाय काकी पायरी उतरत नाहीत. एकदा काका आंघोळीला गेलेले, तर काकी पिशवी घेऊन उंबऱ्यात तिष्ठत उभ्या आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवून बेजार. संध्याकाळी मी कामावरून आलो की काका माझ्या दाराशी येऊन, गाडी सुटताना गार्ड ड्रायव्हरला कळवतो तसं, "ऑल राइट" म्हणतात, आणि आतून माझं "ऑल राइट" आल्याशिवाय हलत नाहीत. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा ते मुलीकडे बडोद्याला गेले आणि मला जेवण जाईना. शेवटी काकीच दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "ऑल राइट रे बाबा, जेव आता."

थंडी पडली की काकांना पक्ष्यांचं वेड लागतं. उत्तरेकडून येणारी बदकं म्हणजे त्यांच्या लेखी मेल-एक्सप्रेस, आणि इथलेच बगळे, पाणकावळे म्हणजे शटल. बदकं यायला उशीर झाला की चहावाल्यालाही धीर देतात, कुठेतरी सिग्नलला उभी असतील म्हणून. दर रविवारी सरावलीच्या शाळेतल्या एक बाई जीप ठरवून पक्षी बघायला नेतात. त्यांच्याकडे दुर्बीण आणि जाडजूड पुस्तक असतं. सोबत कचेरीतले एक भाऊसाहेब कॅमेरा घेऊन असतात, आणि काका असतात गळ्यात गार्डाची शिट्टी अडकवून. जीपमध्ये पुढची जागा रिकामी असली तरी काका मागच्या आडव्या बाकावरच बसतात, मागच्या दाराकडे तोंड करून. मी एकटा खोलीत बसून रडत असेन या शंकेने, आणि ती शंका खरीही होती, ते मलाही बरोबर घेऊ लागले.

आता त्या शिट्टीचं. पक्षी नीट बसले, माणसं नीट बसली, सगळं जागच्या जागी आलं, की काकांच्या आतला गार्ड उठतो. गाडी तयार आहे आणि सुटत नाही हे त्यांना सोसतच नाही. एका रविवारी खाडीवर भाऊसाहेब लांब पायांच्या शेकाट्याच्या फोटोसाठी चिखलात पोटावर सरपटत सरपटत अगदी जवळ पोचले होते. शेकाट्याने मान वळवली, भाऊसाहेबांनी श्वास रोखला आणि काकांनी शिट्टी फुंकली. खाडी रिकामी झाली. काका समाधानाने म्हणाले, "वेळेवर सुटली." भाऊसाहेब काय म्हणाले ते चिखल तोंडात असल्यामुळे कळलं नाही. बाईंनी मात्र स्वच्छ सांगितलं, की काकांनी पुन्हा शिट्टी वाजवली तर जीप त्यांच्या दाराशी थांबणार नाही.

त्या आठवड्यात काकांनी झेंडासुद्धा हलवला नाही. काकी न विचारता पायरी उतरल्या, तरी ते पेपरच वाचत राहिले. मला "ऑल राइट" म्हटलं, पण माझं उत्तर यायच्या आत निघून गेले. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. रविवार बंद झाले तर हा माणूस घरात कसा राहील?

पुढच्या फेरीला तलासरीकडच्या धरणावर जायचं ठरलं. निघताना काकींनी शिट्टी काढून घेतली आणि माझ्या खिशात टाकली. मी ती वाटेत इतक्यांदा चाचपली, की भाऊसाहेबांनी मला खरूज आहे का म्हणून विचारलं.

धरणावर बदकं होती, भरपूर होती, पण सगळी मान पंखात खुपसून झोपलेली. लांबून नुसती ढेकळं. बाईंनी पुस्तक उघडलं आणि काकांना विचारलं, "ती कडेची तलवार बदकं ना हो?" काका मांडीखाली हात दाबून बसले होते. बाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा काका हळूच माझ्या कानाशी आले.

"नांदेड, मला यातलं एकही ओळखता येत नाही रे."

मी म्हटलं, काका, तुम्ही तर सगळी नावं सांगता.

"ती उडाल्यावर. माझी सगळी नोकरी शेवटच्या डब्यात झाली. ड्रायव्हरला पक्षी बसलेला दिसायचा. माझा डबा येईस्तोवर तो उडालेला. मी जो पाहिला तो जाताना पाहिला."

बाईंनी बंदी घातली होती ती काकांना, माझ्याबद्दल काहीच ठरलं नव्हतं. एवढाच विचार माझ्या डोक्यात आला, आणि मी खिशातून शिट्टी काढून फुंकली. सगळ्यात जास्त दचकलो मीच.

अख्खं धरण उठलं. काका ताडकन उभे राहिले आणि एकेका पाठमोऱ्या थव्याकडे हात करून सांगू लागले: या थापट्या, ही तलवार, ती हळदीकुंकू. चेहरा असा उजळला होता, की फलाटावर सोडायला आलेल्या माणसाचा तसा कधी उजळत नाही. भरात त्यांनी वाऱ्यावर उडालेल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीलाही चक्रवाक म्हटलं, पण पिशवीही जातच होती.

"शिट्टी कुणी वाजवली?" बाईंनी विचारलं.

"मी, बाई."

"का?"

मी म्हटलं, "सगळे झोपले होते."

बाईंनी पुस्तक मिटलं. मग त्यांना हसू फुटलं, ते आवरेपर्यंत भाऊसाहेबही हसायला लागले. निकाल असा लागला, की पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी यायचं, पक्ष्यांना त्रास द्यायचा नाही, आणि शिट्टी निघताना एकदाच वाजेल, तीही पाणी पार मागे पडल्यावर, जीपमध्ये बसून. काकांनी अट अशी ऐकली, जशी काही बढती मिळाली.

परतताना काका मागच्या बाकावर, शेजारी मी. सायवनचा फाटा मागे पडला तेव्हा ऊन उतरत होतं. मागे सरकणाऱ्या रस्त्याकडे बघत काकांनी विचारलं, "येताना कसा दिसतो रे पक्षी?"

मी सांगितलं. शाळा सुटल्यावर मी आमच्या गावच्या तलावाच्या बांधावर म्हशी घेऊन बसायचो. थंडीत संध्याकाळी बदकं थेट तोंडावर यायची. आधी ठिपके, मग छाती, मग पुढे ताणलेले पाय, आणि आता आपल्या मांडीवरच बसतात की काय असं वाटेपर्यंत ती पाण्यावर घसरत उतरायची. काका एखाद्या पोरासारखे ऐकत राहिले आणि म्हणाले, "बघ. आणि मला वाटायचं, ते फक्त जातात."

एका हिवाळ्यात मी काकांना आमच्या गावी नेणार आहे. त्यांनी मला आत घेतलं, त्याची फेड दुसऱ्या कशाने होईल असं मला वाटत नाही. बांधावर आईच्या हातची घोंगडी अंथरीन, त्यांना पाण्याकडे तोंड करून बसवीन, आणि बदकं येईपर्यंत शेजारून हलणार नाही.