बांधापर्यंतचं अंतर

धुळ्याहून शिरपूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एक बाई बरेच दिवस माझ्या शेजारी बसायची. शिरपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, एवढंच मला ठाऊक होतं. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर लॅपटॉप, आणि त्यात एक गेम. शेतात ट्रॅक्टर आपोआप फिरायचा, ती एकही बटण दाबत नसे. थोड्या थोड्या वेळाने ओढणीने चष्मा पुसायची आणि वहीत फुली मारायची. फुल्यांनी पानं भरून गेली होती.

एकदा न राहवून मी विचारलं, "हाई काय शे, ताई?"

जांभई दाबत ती म्हणाली, "भाऊ, कॉम्प्युटर नुसतं चित्र बघून सांगतो, बांध किती लांब आहे. खरं अंतर गेमच्या मेमरीत असतं. ते मी वाचते, चुकला की वहीत फुली मारते आणि त्याची चूक त्याला दाखवते. तसाच तो शिकतो."

"मग खऱ्या शेतात कधी नेणार?"

"खऱ्या शेताची मेमरी कुठून वाचू?" म्हणत तिने पुन्हा चष्मा काढला.

नरडाणा आलं, मी उतरलो. तिथल्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाडीत हात घालून ओल किती ते मी सांगतो. माझ्या शब्दावर गाडी आत जाते, नाहीतर घरी परत. त्या दिवशी पहिल्याच गाडीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच थांबलो. गाडीवाला माझ्या तोंडाकडे बघत होता.

सव्वीस वर्षं हेच करतोय. माझं कुठे चुकलं, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.